विश्रांतवाडी ते खराडी, मेंढरांच्या मागून

आमच्या इमारतीत सध्या परदेशी जाऊन आलेल्यांचं पीक जोरात आहे. कुणाचा मुलगा कॅलिफोर्नियात संगणकावर बसतो, कुणाची सून न्यू जर्सीत. आई-वडील तिकडे जाऊन सहा महिने नातवंडं सांभाळतात, भांडी विसळतात आणि परत आले की आम्हाला जेवायला बोलावून फोटो दाखवतात. "तिथं कुणी हॉर्न वाजवत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की हल्ली ते सुरू झालं की मी पोळी वाढायला उठते. दोघांनी तर प्रवासवर्णनंही लिहिली आणि स्वखर्चाने छापून भेट दिली. मग मीच काय घोडं मारलंय? मी विश्रांतवाडीहून खराडीला जाऊन आले. पायी. सोबत शंभराच्या वर मेंढ्या होत्या. हा प्रवास वाचकांपैकी कुणीच केलेला नसणार, आणि अमेरिकेबद्दल ती खात्री आता देता येत नाही.

मी पशुवैद्य आहे, सरकारी नोकरीत. मेंढ्यांचा रोग कुठून निघाला, कुठे चालला आहे आणि त्याला वाटेत कुठे अडवायचा, हे पाहणं माझं काम. लग्नकार्यात कुणी ओळख करून दिली की समोरची बाई उजळून विचारते, "म्हणजे कुत्री बघता?" मी म्हणते, "नाही, मेंढ्या." यावर "अरेरे" असं म्हणायची नारायण पेठेत पद्धत आहे. आयुष्याची चांगली वर्षं मी जीपमध्ये मागच्या बाजूला बर्फाची पेटी ठेवून, माळामाळावर मेंढ्यांचे ओठ उलटून बघण्यात घालवली. त्याचा मला पश्चात्ताप नाही. मेंढी निदान आपण सुशिक्षित आहोत असं सांगत नाही.

विश्रांतवाडी

उन्हाळा संपत आला होता. कोकणच्या अंगाला आणि मावळात गेलेले धनगरांचे कळप पारनेरकडे परतत होते. आमचे ड्रायव्हर कांबळे विश्रांतवाडीतच राहतात. सकाळी त्यांचाच फोन आला. "मॅडम, आळंदी रस्त्याच्या मैदानावर एक कळप बसलाय. दोन कोकरं नीट दिसत नाहीत. तुम्ही या, नाहीतर मला रविवार आहे हे आठवेल."

कळप ठकूबाईचा. ठकूबाई पन्नाशीची, उंच, कपाळावर मोठं कुंकू. नवरा बिरा घोड्यावर सगळा संसार लादून एका बाजूला गप्प उभा होता. तो दिवसभर गप्पच होता, संसारातलं सगळं बोलणं ठकूबाईच्या वाट्याला आलं असावं. मी एका कोकराची शेपटी वर केली. खाली मसुराच्या दाण्यांएवढ्या गाठी. मांडीच्या आत तेच, कानाच्या पाळीवर तेच. अंग तव्यासारखं तापलेलं.

"काटं लागलंत त्याला," ठकूबाई म्हणाली. "मावळात करवंदीच्या जाळ्या लई."

"काटे नाहीत, ठकूबाई. देवी आल्यात."

ती एकदम खाली बसली. मेंढ्यांची देवी हा रोग माणसाला होत नाही, पण कळपात शिरला की कोकरं पटापट जातात. त्याच्या खपल्या गळतात, सावलीत महिनोन् महिने जिवंत राहतात, लोकरीला, खुराला, माणसाच्या बुटाला चिकटून पुढच्या कळपात जातात. त्यावर करायचं काम एकच असतं. कळप जिथे आहे तिथेच थांबवायचा, त्याच्याजवळ कुणी जायचं नाही, त्याने कुणाजवळ जायचं नाही, आणि पुढच्या निरोगी कळपांना लस टोचून घ्यायची. इतकं सोपं आहे. लहान मुलालाही सांगता येतं. पुढे कळलं की मोठ्यांनाच सांगता येत नाही.

"तुम्ही इथून कुठे जाणार होता?"

"वाघोलीच्या पल्याड माळावर. माझा भाऊ हाय तिथं, त्याची मेंढरं हायत. समद्यांची हायत. तिथनं मिळून म्होरं जातो आमी."

म्हणजे माळावर पाच-सहा कळप एकत्र येणार, विण्याचा हंगाम तोंडावर, आणि त्यात हा कळप शिरणार. "तिथं जायचं नाही," मी म्हटलं. "दोन-तीन आठवडे एका जागी थांबायचं. नाहीतर तुझ्या भावाच्या कळपात एक कोकरू उरणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "थांबा म्हनता ते खरं हाय बाई. पर कुठं थांबू?"

मी मैदानाकडे बोट दाखवलं. मला वाटलं होतं प्रश्न मिटला. पुण्यात जन्मून माणसाने इतकं भाबडं असू नये.

मैदानासमोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी देवस्थळी चालायचे पांढरे बूट घालून आले. मागोमाग त्यांची पत्नी, आणि तिच्या कडेवर एक पॉमेरेनियन.

"अहो, आपण सुशिक्षित दिसता," देवस्थळी मला म्हणाले. पुण्यात अपमानाची सुरुवात अशी होते. "हे काय चाललंय?"

मी रोग सांगितला. कळप हलला तर काय होईल तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे रोग आहे."

"हो."

"मग हलवा ना."

"रोग आहे म्हणूनच हलवायचं नाही."

"ते तुमचं तांत्रिक झालं. आमच्या हद्दीत नको, एवढंच आमचं म्हणणं. पुढे न्या. मंडईत न्या, कुठेही न्या."

मी विचारलं, रोग तुमच्या माणसांना होत नाही, तुमच्या कुत्र्याला होत नाही, मग अडचण काय? ते म्हणाले, "वास." सोसायटीच्या दोन्ही बाजूंनी उघडं गटार वाहत होतं, पण त्या वासाला ते सरावले असावेत. त्यांनी कुठेतरी फोन केला. तेवढ्यात बाईंनी पॉमेरेनियन पुढे केला. "डॉक्टर आहात ना? याचा कान बघता का जरा?" मी बघितला. कान उत्तम होता. मालकिणीच्या डोक्याचं विचारलं नव्हतं, म्हणून बोलले नाही.

अर्ध्या तासात एक हवालदार मोटारसायकलवरून आला. माणूस वाईट नव्हता. "वरून सांगणं आहे, मॅडम. मैदान मोकळं करा. मी पुढच्या चौकापर्यंत सोडतो." अशा रीतीने मेंढ्यांच्या देवीला पोलीस बंदोबस्त मिळाला, आणि तो तिला तिच्या इच्छित स्थळी, म्हणजे वाघोलीच्या दिशेने, घेऊन निघाला. परदेशात असं आदरातिथ्य कुणाला मिळालं असेल तर मला कळवावं.

येरवडा

लोहगावचा जवळचा रस्ता पाइपासाठी खणून ठेवला होता, म्हणून कळप येरवड्यावरून. मी जीपमध्ये बसू शकले असते. पण कळप एकदा नजरेआड झाला की तो कुठे कुणाला घासला ते कळत नाही. मी फिनेलची कॅन घेतली, बूट बुडवून घेतले आणि मागून चालू लागले. पुढे बिरा आणि घोडा, मध्ये मेंढ्या, मागे ठकूबाई आणि मी, आमच्या मागे जीपचे दिवे लावून कांबळे, आणि कांबळ्यांच्या मागे हॉर्न वाजवणारं सगळं पुणे.

शहर मेंढीच्या चालीने बघण्यात गंमत आहे. इतक्या हळू गेलं की सगळ्या पाट्या वाचून होतात. इंग्रजी बोलायला शिका. सी प्लस प्लस शिका. जावा शिका. परदेशी जाण्याची मुलाखत द्यायला शिका. एका जिन्यावर तर चारही शिकवण्या एकाच खोलीत होत्या. आमच्या पेठेत पूर्वी पाट्या असत त्या माणसाला काय करू नये ते सांगणाऱ्या: सायकल लावू नये, दुपारी बेल वाजवू नये. नव्या पुण्याच्या पाट्या माणसाला दुसरीकडे कसं जावं ते सांगतात. धनगराला त्यातली एकही उपयोगी नव्हती, त्याला थांबायचं होतं.

वाटेत कांबळ्यांनी जीप पुढे आणली. "मॅडम, आमच्या वस्तीला विचारलं मी फोन करून. विहाराच्या मागची जागा देतात म्हणाले. पोरं क्रिकेट खेळतात तिथं, ती दुसरीकडे खेळतील. पाण्याची पण सोय करतो म्हणाले."

मला भरून आलं, हे मी कबूल करते. पण वस्तीत घरटी एखादी शेळी दाराशी बांधलेली, आणि हा रोग शेळीलाही लागू शकतो. त्यात हा कळप नेऊन बसवणं म्हणजे देणाऱ्याच्या घरात आग लावणं. मी नको म्हटलं. दिवसभरात आपण होऊन जागा देणारे तेवढेच निघाले, आणि नको म्हणायची वेळ माझ्यावर त्यांच्याच बाबतीत आली. जिथे जागा होती तिथे मन नव्हतं, जिथे मन होतं तिथे शेळ्या होत्या.

तुरुंगाची भिंत लागली. कांबळे म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पाहिजे तशी जागा एवढीच. आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही." ठकूबाई पदराखाली हसली. त्या दिवसातलं तिचं ते एकच हसू.

भिंतीच्या सावलीत ठकूबाईने गाठोडं सोडलं. बाजरीची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, कांदा. मी फिनेलचे हात तीनदा धुतले तरी ठेच्याला थोडा दवाखान्याचा वास आला. मी इतकं चवीने बऱ्याच दिवसांत जेवले नव्हते. जेवता जेवता साहेबांना फोन लावला. खात्याने नुकताच मोबाइल दिला होता आणि तो चालू ठेवण्याबद्दल साहेब फार आग्रही असत; त्यांचा स्वतःचा बंद होता. चौथ्यांदा लागला. ते एका पंचतारांकित हॉटेलात परिषदेला होते. विषय, पशुधनाची जैवसुरक्षा.

"सर, देवी आहे. कळप रस्त्यावर आहे. मला जागा हवी."

"मॅडम, 'देवी' शब्द वापरू नका. नमुने घ्या, 'संशयित' म्हणा. बाहेरचे पाहुणे आलेत."

"नमुने पाठवले. लस घेऊन वाघोलीच्या कळपांकडे आपला माणूस रवाना केला. पण हा कळप थांबवायचा कुठे?"

मागे चमच्यांचा आवाज येत होता. "त्यावर दुपारच्या सत्रात चर्चा आहे," साहेब म्हणाले.

खराडी

नगर रस्त्याने खराडीच्या बाजूला वळलो. ऊन उतरत होतं आणि तापलेलं एक कोकरू आता चालत नव्हतं. ठकूबाईने ते पदरात घेतलं होतं. इथे पूर्वी ज्वारीची शेतं होती. त्यांतून मी जीपने गेले आहे. त्या काळी कळप आला की शेतकरीच रस्त्यावर आडवा होई: "आमच्यात बसवा मेंढरं." लेंड्यांचं खत मिळावं म्हणून कळप शेतात बसवायचा, आणि बदल्यात धनगराला धान्य द्यायचं, ही इथली रीत. त्यावरून शेतकऱ्यांची आपसात भांडणं होत. आता शेतात काचेच्या इमारती बसवल्या आहेत. त्यांचं खत निघत नाही.

अशाच एका इमारतीपाशी आमचा प्रवासातला अपघात झाला. कळपातल्या मोठ्या नराला काचेत दुसरा नर दिसला. तो दोन पावलं मागे सरला आणि गेला तो थेट डोक्याने. काच भक्कम होती, परदेशी असावी. नराने पुन्हा धडक दिली. आतून गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं बाहेर डोकावली, दोघांनी मोबाइलवर बोलत असतानाच "ओ शिट" म्हटलं, आणि एकीने विचारलं, "आँटी, कोई फिल्म है क्या?"

इमारतीच्या मागे मोठी मोकळी जागा होती, चारी बाजूंनी तारेचं कुंपण, आजूबाजूला एकही जनावर नाही. मी हवी तशी आखली असती तरी याहून चांगली जागा मिळाली नसती. व्यवस्थापकाला भेटायला निघाले. आता माझे बूट दिवसभर त्या कळपात फिरलेले. असल्या बुटांनी कुणाच्या दारात जायचं नाही हा आमच्या धंद्याचा पहिला नियम, म्हणून मी ते बाहेरच काढले, पाय फिनेलच्या पाण्याने धुतले आणि अनवाणी फाटकाशी गेले.

रखवालदाराने पिशवी उघडली. "फ्लॉपी, सीडी, कॅमेरा?"

"नाही."

त्याने थर्मामीटर उलटसुलट करून पाहिलं आणि ठेवून घेतलं. मग खाली पाहिलं. "मॅडम, शूज?"

"बाहेर काढलेत. त्यांना रोगाची घाण लागली आहे."

"शूज कंपल्सरी आहेत. विदाउट शूज एंट्री नाही."

"अहो, त्या बुटांनीच रोग पसरतो."

"ते घालून या, मग सोडतो."

मी त्या माणसावर चिडले नाही. त्याला जे शिकवलं तेवढं तो करत होता. हे शिकवणाऱ्याला मात्र मला एकदा भेटायचं आहे. शेवटी व्यवस्थापकच फाटकाशी आला. निनाद त्याचं नाव, वय पंचविशीचं, बोलणं गोड. "मॅम, आय टोटली अंडरस्टँड. पण ती जागा फेज टू आहे. क्लायंट व्हिजिट आहे नेक्स्ट वीक. दे वोंट अंडरस्टँड शीप." मी म्हटलं, "तुमचे क्लायंट कुठले?" तो म्हणाला, "स्कॉटलंड." तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत. मी बूट चढवले आणि निघाले.

परत आले तर ठकूबाई रस्त्याच्या कडेला उभी. पदरातलं कोकरू गेलं होतं. तिने ते अजून खाली ठेवलं नव्हतं.

"बाई, तुमी सकाळधरनं थांब थांब म्हनताय. समदे म्हनत्यात, जा जा. म्या तुमचं ऐकलं म्हनून उनात मेंढरं उभी ऱ्हायली. आता जाते भावाकडं. मरायचं त्ये मरंल."

"एक तास दे मला," मी म्हटलं. माझ्या आवाजात विनवणी होती. सरकारी अधिकाऱ्याने विनवणी करू नये म्हणतात, पण वाघोली आता समोर होती आणि तिच्या भावाचे कळप दुपारी लस टोचलेले. ती लस अंगी लागायला दिवस जाणार होते. ही तिथे आज पोहोचली तर सगळं फुकट.

तात्यांचा प्लॉट

कांबळ्यांना एक तात्या माहीत होते. मूळचे खराडीचे शेतकरी. जमीन विकून बंगला बांधला, पांढरी गाडी घेतली, पांढरे कपडे घातले, आणि आता दारात खुर्ची टाकून उरलेल्या एका प्लॉटचा भाव वाढायची वाट बघत बसतात. प्लॉटला दगडी भिंत, लोखंडी फाटक, आत विहीर.

मी सगळं पुन्हा सांगितलं. रोग, खपल्या, वाघोली, कोकरं. तात्या मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, लहानपनी आमच्यात पन बसायची मेंढरं. पर आता गिऱ्हाईक येतं प्लॉट बघाया. रोगाची जागा म्हनून नाव झालं तर?"

मी उठले. उठता उठता, केवळ रागाने, म्हणाले, "बरोबर आहे. आत कळप बसला की तीन आठवडे माणसाला पाऊल टाकता येणार नाही. मी तसा सरकारी फलकच लावणार होते."

तात्यांची खुर्ची करकरली. "कुनालाच?"

"कुणालाच."

"माझा चुलतभाऊ हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "मागच्या भिंतीला खिंडार पाडून आत पत्र्याची शेड ठोकायला बघतोय. म्हनतो, वाटनीत माझी जागा. त्याला पन?"

"त्याला तर नाहीच. त्याच्या घरी शेळ्या असतील तर पोलिसांना कळवावं लागेल."

"फलकावर शिक्का असंल?"

"असेल."

"मग दोन लावा," तात्या उठत म्हणाले. "एक म्होरं आन् एक त्याच्या बाजूला. त्याच्या बाजूचा मोठा पायजे."

सकाळपासून मी विज्ञान सांगत होते; चांगल्या, शुद्ध, पुराव्यासहित मराठीत. त्याने एक फाटक उघडलं नव्हतं. भावकीच्या भांडणाने उघडलं. पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात हा विषय घालावा अशी माझी शिफारस आहे.

मेंढ्या आत गेल्या. फाटकात फिनेलने भिजवलेली गोणपाटं टाकली. कोकरू आम्ही चुना टाकून खोल पुरलं. ठकूबाईने त्यावर दगड ठेवला. पुढच्या दिवसांत आणखी काही कोकरं गेली, बाकीची तगली. फाटकाबाहेरच्या पिंपळाखाली खुर्ची टाकून तात्या रोज भिंतीबाहेरून चौकशी करत. मेंढ्यांची की खिंडाराची ते मी विचारलं नाही. खपल्या वाळून गळाल्या, आम्ही त्या जाळल्या. वाघोलीच्या माळावर एकही मेंढी आजारी पडली नाही. साहेबांनी आपल्या अहवालात हे "परिषदेचं फलित" म्हणून नोंदवलं. निघताना ठकूबाईने मला घोंगडीचा एक तुकडा दिला. तो आमच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे त्याला पायपुसणं समजतात आणि मी त्यांना पाय पुसू देत नाही.

पुन्हा तिथेच

प्रवासवर्णन इथे संपवता आलं असतं. पण पुढल्या उन्हाळ्यात कळप परतताना कांबळ्यांनी मला मुद्दाम खराडीला नेलं. तात्यांना भाव आला होता. भिंत पाडली होती, पाया खणला होता, आणि रस्त्याच्या कडेला दोन मजली उंच जाहिरात उभी होती. घरांच्या योजनेला इंग्रजी नाव, अर्थ साधारण 'मेंढपाळाचं कुरण'. चित्रात हिरवीगार टेकडी आणि त्यावर गुबगुबीत, पांढऱ्याशुभ्र, काळ्या तोंडाच्या विलायती मेंढ्या. रखवालदार काठी घेऊन बाहेर आला होता, कारण ठकूबाईचा कळप चित्रासमोर थांबला होता.

ठकूबाई मान वर करून बघत होती. मला पाहून तिला बरं वाटलं. "बाई, ही कुनाची वो मेंढरं?"

"परदेशातली आहेत."

"हितं बसाया देनार त्यांना?"

"चित्र आहे ते, ठकूबाई."

"हां," ती म्हणाली. रखवालदार ओरडला तशी बिराने घोडा हाकला आणि मेंढ्या सुरू झाल्या. यंदा कोकरं चांगली होती. मी दोघा-तिघांच्या शेपट्या वर करून बघितल्या, सवयीने. ठकूबाई दोन पावलं गेली आणि वळली.

"पुन्यांदा देवी आली तर कुठं थांबू, तेवढं सांगून ठेवा. तुमी पुन्याच्या."

पुणेकराला पत्ता विचारला तर तो आधी विचारणाऱ्याची अक्कल काढेल, पण पत्ता अचूक सांगेल, अशी आमची ख्याती आहे. मी याच शहरात जन्मले, वाढले, नोकरी केली. ती काठी टेकून उभी राहिली, कळप पुढे जात राहिला, आणि मला तिला एक पत्ता सांगता आला नाही.